मोहरीलकाकांची तळातली मंडळी

आमचे शेजारी मोहरीलकाका राहतात रायपूरला, शंकर नगरात, आणि हवामान सांगतात समुद्राच्या तळाचं.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी नऊलाच रस्ता तापलेला, कुत्री गाड्यांखाली शिरलेली अन् मी गेटवर घाम पुसत उभा. सहज म्हटलं, "काका, काय भट्टी पेटली बाप्पा आज." काकांनी पेपरची घडी केली आणि शांतपणे म्हणाले, "खाली चार डिग्री आहे." मला वाटलं, तळमजल्यावर नवा एसी बसवला यांनी. विचारलं, "कोणत्या कंपनीचा?" तर म्हणाले, "कंपनी नाही. समुद्र. दीड हजार मीटरवर." अन् आत निघून गेले. आता मला सांगा, या उत्तराचं माणसानं करायचं काय? घाम तर तसाच.

काकांना आधी नीट ओळखून घ्या, नाही तर तुम्हाला वाटेल कोणी मोठे शास्त्रज्ञ असतील. सारी नोकरी सिंचाई विभागात, अभनपूरला. नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी सोडा, नहराचं पाणी बंद करा, यातच केस पिकले. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी छातीएवढं, अन् तेही काठावरून. समुद्र जन्मात पाहिलेला नाही. वर शुद्ध शाकाहारी. ज्या दुकानात अंडी मिळतात तिथून ते ब्रेडसुद्धा घेत नाहीत. असा हा माणूस उठता-बसता बोलतो कोणाबद्दल, तर खोल समुद्रातल्या आंधळ्या लॉब्स्टरबद्दल.

लॉब्स्टर म्हणजे आपल्या झिंग्याचाच दांडगा भाऊ ना, असं मी एकदा बोलून गेलो. काकांनी चष्मा काढला. "झिंगा नोको म्हणू, बंडू. झिंग्याचा अन् यांचा रोटीव्यवहारही नाही." त्या लॉब्स्टरांना ते 'आपली मंडळी' म्हणतात, अन् त्यांची माहिती अशी देतात की स्थळच घेऊन आले आहेत. "जुनं घराणं आहे. डायनोसॉरच्या काळातलं. आधी वरच राहत होते, उजेडात. डोळे होते चांगले. मग खाली चिखलात गेले राहाले. तिथं उजेडच नाही, तं डोळे ठेवून करता काय? गेले डोळे. पण कुरकुर नाही. पुढच्या नांग्या पाह्य, लांब अन् नाजूक, स्वेटरच्या सुया जशा. मागच्या पायांलेही बारक्या बारक्या नांग्या. चिखलात अर्धे रुतून बसतात. वरून पडते ते खातात, जवळून जाते ते पकडतात. मागणं काही नाही." आमच्या हिनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, नोकरी सरकारी आहे ना त्यांची?" काका तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच: "हे काय प्रेशर आहे?" लाईट बिल जास्त आलं म्हणा, बायकोशी वाजलं म्हणा, दुकानात नोकर टिकत नाही म्हणा, काका ऐकून घेणार अन् म्हणणार, "हे काय प्रेशर आहे? तिथं खाली नखाएवढ्या जागेवर दीडशे किलो असते. आपली मंडळी सहन करून राहिली ना?" देशकर वहिनींच्या यजमानांचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून आम्ही पाहायला गेलो, तिथंही काकांनी हेच सांगितलं. वहिनींनी त्यांना चहा दिला नाही.

एकदा तर हा माणूस मच्छी बाजारात गेला. मला स्कूटरवर मागे बसवून नेलं, सोबत पाहिजे म्हणून. नाकाला अत्तराचा रुमाल, डोळे अर्धे मिटलेले, अन् उभे कुठं राहिले तर झिंग्यांच्या टोपलीसमोर. पुढे वाकून ते विकणाऱ्या बाईला विचारू लागले, "दीदी, इसके कौन-कौन से पैर में नांगी है?" ती बिचारी सकाळपासून बसलेली. म्हणाली, "लेना हे त ले, नइ त घुच." म्हणजे घ्यायचं असेल तर घे, नाही तर सरक. काका सरकले, पण घरी येईपर्यंत म्हणत होते, "तिले विषयाची आवड नाही."

ही आवड लागली कशी, हे मला माहीत आहे, कारण त्यांच्या अन् माझ्या घराची भिंत एक आहे आणि काका फोन स्पीकरवर टाकून बोलतात.

काकांना एकच मुलगी, वसुधा. आम्ही वसू म्हणतो. लहानपणी माझ्या लायटिंगच्या दुकानात येऊन माळेचे दिवे मोजत बसायची. शिकली, हुशार निघाली अन् समुद्राच्या संशोधनात पार कोचीला निघून गेली. जहाजावर महिना-महिना राहायचं आणि तळातून वर काय येतं, झिंगे, लॉब्स्टर, ते पाहायचं, असलं काम. काकांना ते पटलं नव्हतं. भोपाळचं चांगलं स्थळ आलं होतं, तेही मोडलं. ती निघाली त्या दिवशी हा माणूस गेटपर्यंतही आला नाही. मग काकू गेल्या. वसू तेव्हा जहाजावर होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावं झालं, तशी ती परत गेली, अन् नंतर कितीतरी वर्षं आलीच नाही.

फोन यायचा रविवारी. भिंतीच्या इकडून मी ऐकायचो. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हव. पाऊस?" "नाही." मग दोघंही गप्प. इतका वेळ गप्प की मला वाटायचं आपणच भिंतीतून काही तरी बोलावं. मग "ठेवतो," "ठेवते," अन् झालं.

एका रविवारी हा गप्पपणा काकांना सोसला नाही अन् ते एकदम म्हणाले, "वसू, तुझ्या त्या झिंग्यांले पाय किती असते?" पलीकडे पोट्टी हसली. मी किती वर्षांनी तिचं हसणं ऐकलं. आणि मग बोलत राहिली बाप्पा, पाय, नांग्या, चिखल, काटे, आमच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी बोलतच होती. दुसऱ्या दिवशी काका मोबाइल घेऊन माझ्या दुकानात हजर. "बंडू, यात इंग्रजी वाचून दाखवणारं काही असते का? अन् मराठी करून देणारं?" तिथून सुरू झालं. सोमवार ते शनिवार काका वाचायचे, चष्म्यावर भिंग धरून, अन् रविवारी विचारायचे. फोन लांबत गेला. काकांच्या अंगावर जरा मांसही चढलं.

एका सोमवारी मला म्हणाले, "काल वसूनं सांगतलं, यांची पिल्लं कशी असतात माहीत आहे? गोल, फुग्यासारखी. तळाशी राहतच नाही, दूर वर पाण्यात तरंगतात. इतका फरक की शास्त्रज्ञांनी कितीक वर्षं पिल्लांले वेगळाच प्राणी धरलं. वेगळं नावही ठेवलं. मायबाप खाली, लेकरं वर, अन् एका घरचे आहेत म्हणून कोणाले पत्ताच नाही." एवढं बोलून ते पाण्याची मोटर लावायला निघून गेले.

यंदा गणपतीच्या आधी आमच्या मराठी मंडळाची सभा झाली. अध्यक्ष त्याच देशकर वहिनी. रोषणाई माझ्याकडे, आमच्या बाबांच्या वेळेपासून. देखावा काय करायचा यावर एरवी दोन तास जातात, पण काका उठून उभे राहिले अन् म्हणाले, "यंदा देखावा मी करतो. वसू येऊन राहिली." यावर कोण काय बोलणार? वहिनी म्हणाल्या, "करा काका. कशाचा करता?" काका म्हणाले, "समुद्रतळाचा. आपली मंडळी अन् त्यांचं घर."

कल्पना चांगली होती. मी लगेच कागदावर निळ्या माळा, हिरवे स्पॉट, पाण्याच्या लहरी पाडणारं मशीन असं सगळं लिहून काढलं. काकांनी तो कागद पाहिला. "हे काय?" म्हटलं, "लायटिंग." म्हणाले, "तिथं उजेड नसते."

"म्हणजे कमी ठेवू?"

"कमी नाही. नसते. सूर्याचा एक किरण तिथं पोचत नाही."

"अन् गणपती दिसेल कसा, काका?"

"खाली कोणालेच काही दिसत नाही," काका म्हणाले. "तेच तं सांगून राहिलो."

माझा पारा चढला. अहो, ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या लग्नांत उजेड पाडला, त्याला तुम्ही अंधाराचं कंत्राट देता? मी म्हटलं, "मग मी बसतो घरी. अंधाराला मी कशाला पाहिजे, सूर्य मावळला की होतोच तो." वहिनींनी मध्ये पडून तोड काढली. गणपतीच्या डोक्यावर एक झिरोचा बल्ब, बाकी सगळं काळं. काकांनी मोठ्या मनानं बल्ब मान्य केला. मग म्हणाले, उंदराच्या जागी एक लॉब्स्टर बसवू. ते वहिनींनी मान्य केलं नाही.

त्या महिन्यात काकांनी आम्हा सगळ्यांना पिळून काढलं. मंडळाच्या हॉलच्या खिडक्यांना काळे कपडे ठोकले, दाराला काळा पडदा लावला. तळाचा चिखल म्हणून अभनपूरच्या नहरातला गाळ पोत्यांनी आणवला. "नहराचा गाळ मी ओळखतो, याच्यात खोट नाही," म्हणाले. खोट नव्हती, वास होता. समुद्रात वरून सतत बारीक कचरा बर्फासारखा खाली पडत राहतो, तीच या मंडळींची शिदोरी. त्यासाठी हॉलच्या छताला दोऱ्यांनी कापसाचे बोळे टांगले अन् कोपऱ्यात टेबलफॅन लावला. आमच्या घरची पोट्टी म्हणाली, "पापा, ये तो अपना गद्दा फटा है ना?" होता तो आमच्याच गादीचा कापूस, काकांनी माझ्या बायकोकडून गोड बोलून नेलेला.

लॉब्स्टर करायला दिले पुरानी बस्तीतल्या मनराखनला. हा मनराखन म्हणजे खानदानी मूर्तिकार, आमचा गणपतीही तोच करतो. काका रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचे, वसूनं पाठवलेले फोटो दाखवायचे, नांगी इतकी बारीक नको, काटा असा वाकडा नको. अन् उठताना दर वेळी एकच सांगायचे, "मनराखन, आँख नहीं देना. आँख नहीं." मनराखन म्हणायचा, "हव."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माल आला. माझं डोकं फिरलेलंच होतं, पण खोटं कशाला बोलू, लॉब्स्टर पाहून मी गप्प झालो. हातभर लांबीचे, फिके गुलाबी, अंगावर काटे, सुईसारख्या नांग्या, अन् डोळ्यांच्या जागी काही नाही, सपाट. काकांनी एकेकाला चिखलात अर्धं रुतवलं. मग लहान पोरासारखे हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहत राहिले. मला म्हणाले, "बंडू, उद्या दुपारी वसू येते. काही चुकलं नाही ना?" मी म्हटलं, "काही नाही."

चतुर्थीला सकाळी स्थापना झाली. पूजा चालू असताना झिरोच्या बल्बमध्ये कोणाला काही नीट दिसत नव्हतं. गुरुजी गेल्यावर मी वायरिंग तपासायला टॉर्च मारला, अन् चिखलातून माझ्याकडे कितीतरी मोठे मोठे डोळे पाहत होते. पांढरे शुभ्र, मध्ये काळं बुबुळ, वर रेखलेल्या पापण्या, कोपऱ्यात तांबूस छटा. देवीचे असतात तसे. मातीचे गोळे लावून वर रंगवलेले. साऱ्या लॉब्स्टरांना.

मनराखन बाहेर बिडी पीत बसला होता. मी त्याला धरून आणलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याच्याकडे रीत अशी की मूर्तीचे डोळे शेवटी, स्थापनेच्या दिवशी पहाटे द्यायचे. 'डोळे देऊ नको' म्हणजे 'आत्ता देऊ नको,' असंच त्यानं धरलं होतं. पहाटे गणपतीचे डोळे उघडायला तो आला, तेव्हा त्याला वाटलं काका घाईत विसरले, म्हणून यांचेही उघडून दिले. काकांनी त्याला हात जोडले अन् म्हणाले, पुसून टाक. मनराखन दोन पावलं मागे सरला. "आँखी देके आँखी नइ फोरंव, बबा. पाप लगही." दिलेले डोळे मी फोडणार नाही म्हणाला, अन् तो काही ऐकेना. काकांनी स्वतः ओलं फडकं घेतलं तर वहिनी आडव्या आल्या. "काका, प्रतिष्ठा झाली आहे. आता या मांडवातलं काही फोडायचं नाही. चतुर्थीच्या दिवशी कोणाचे डोळे काढता?"

काका चिखलाच्या कडेला बसले. मी त्यांना असं बसलेलं काकू गेल्या तेव्हा पाहिलं होतं.

"जाऊ द्या ना काका," मी म्हटलं. "पोरगी घरी येऊन राहिली हे पाहा."

"ती येईन अन् पहिले डोळे पाहीन," काका म्हणाले. "म्हणीन, इतके दिवस सांगून बाबाले काहीच समजलं नाही. मग काय बोलू मी तिच्याशी? पुन्हा तेच. जेवलीस, हव, पाऊस, नाही. बंडू, आमच्याजवळ दुसरं काहीच नाही."

मग त्यांनीच मान वर केली. "तो बल्ब बंद करशील? ती आत आहे तोवर. काहीच दिसलं नाही तं डोळेही दिसणार नाही. तिथं खाली असंच असते, तिले खरंच वाटीन."

दुपारी वसू आली. पाठीवर बॅग, केस कापलेले, उन्हानं रापलेली. काकांच्या पाया पडली. काका म्हणाले, "जेवलीस?" ती म्हणाली, "हो. फ्लाइटमध्ये." दोघंही एकमेकांच्या चपलांकडे पाहत उभे. मग काका म्हणाले, "चल, आत चल," अन् मी आधीच आत जाऊन दाराजवळच्या बोर्डावर हात ठेवून उभा राहिलो. ते आत आले, पडदा पडला अन् मी बटण दाबलं.

असा अंधार मी धंद्यात कधी पाहिला नव्हता. पंख्याचा आवाज अन् गाळाचा वास, बाकी काही नाही. काका बोलायला लागले. हा तळ, हा गाळ, हे वरून पडून राहिलं ते खाणं, इथं उजवीकडे मोठी मादी, तिच्यामागे दोन लहान. वसू मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. सगळं जमून येत होतं. तेवढ्यात वसूचा आवाज खालून आला, ती बसली असावी.

"बाबा, याला डोळे आहेत."

हात लावून पाहिलं होतं पोट्टीनं. आंधळ्यांचा अभ्यास केलेली ती, तिला उजेड कशाला लागतो? काका मनराखन, चतुर्थी, पाप, वहिनी, सगळं एकात एक मिसळून सांगू लागले. "मी रोज सांगतलं होतं त्याले. मले माहीत आहे नसते म्हणून. मले सगळं माहीत आहे, वसू, तू विचारून पाह्य."

वसू हसत होती. मग थांबली. "बाबा, एक सांगू? मी आता लॉब्स्टरवर काम नाही करत. दोन वर्षं झाली. मला दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकलं, शेवाळाच्या. जहाजावर पण नाही जात, ऑफिसात बसते."

"मग दर रविवारी तू सांगत होतीस ते?"

"शनिवारी वाचून ठेवायची. तुम्हाला इतके आवडतात, म्हणून."

"मले?" काका म्हणाले. "मले कुठं आवडते? मले तं किळस येते त्यांची. ते पाय पाहून जेवण जात नाही कधी कधी. तू बोलत होतीस म्हणून वाचत होतो."

मी अंधारात तोंडावर हात दाबून धरला. हसू येत होतं की काय येत होतं, आता सांगता येणार नाही.

"मग आता बोलायचं काय?" काकांनी विचारलं. खरंच विचारत होते, माणूस दुकानात विचारतो तसं.

वसू म्हणाली, "आईचं सांगा. त्या दिवशीचं. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही."

"काय सांगू?"

"सगळं. सकाळपासून."

काकांनी घसा खाकरला. "सकाळी तिनं पोहे भिजवले होते," ते म्हणाले. "म्हणाली, आज वसूचा फोन येईन. मी म्हटलं, जहाजावरून कसा येईन? तं म्हणे, येईन," अन् त्यापुढे त्यांचा आवाज फुटला. वसू "बाबा, बाबा" म्हणत होती अन् तीही रडत होती.

माझं तिथं काही काम नव्हतं. बटणाला हात न लावता मी पडद्याखालून बाहेर निघालो.

बाहेर उन्हात दर्शनाची रांग लागली होती. "क्या हुआ भैया, लाइट नहीं है क्या?" कोणी तरी मागून ओरडलं. शंकर नगरात माझी एवढी जुनी दुकानदारी, माझ्या मांडवात आजवर एक बल्ब फडफडला नाही. मी छाती काढून म्हटलं, "फॉल्ट आहे."

"किती वेळ लागेल, बंडूभाऊ?" वहिनींनी विचारलं.

"मोठा फॉल्ट आहे वहिनी. लागेल वेळ."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आतून काकांचा हुंदका आला, पडद्यातूनही ऐकू येईल असा मोठा. रांगेतले दोघे-तिघे माना उंच करून पाहू लागले. वहिनींनी टेबलावरचे टाळ उचलले, एक जोडी माझ्या हातात दिली, अन् भरदुपारी, गणपतीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून, जितका चढेल तितका आवाज चढवून आरती सुरू केली.